मोतीला कशाचे वावडे?

दिवाळीच्या तोंडावर आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे रोगी हमखास वाढतात. पहिला म्हणजे फटाक्यांच्या भीतीने पलंगाखाली दडी मारून बसलेला. त्याच्याविषयी या सदरात मागे लिहून झाले आहे. दुसरा म्हणजे रात्रंदिवस अंग खाजवून साऱ्या घराची झोप उडवणारा. पावसाळ्याची ओल अजून भिंतींतून गेलेली नसते, घरोघर जळमटे काढण्याची धांदल सुरू होते, आणि नेमक्या त्याच सुमारास आमच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडू लागतो. "डॉक्टर, आमचा कुत्रा सारखा खाजवतो. उष्णता झाली असेल का? अंडी बंद करू का? करंजेल तेल चोळले तर चालेल का? आणि मुख्य म्हणजे, हे आम्हां माणसांना तर लागणार नाही ना?"

वाचकहो, यातला शेवटचा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण कित्येक मुक्या जिवांचे नशीब त्यावर ठरते. कुत्रे म्हातारे झाले म्हणून कुणी घराबाहेर काढत नाही. पण अंगावरचे केस गेलेले, कातडी लाल झालेली, वास मारणारे कुत्रे दिसले, की शेजारीपाजारी कुजबुजू लागतात आणि मग "गावाला शेतावर पाठवून देऊ, मोकळ्या हवेत बरा होईल" असे ठरते. शेतावर पाठवलेल्या कुत्र्यांपैकी किती बरी होतात, हे न विचारलेलेच बरे. म्हणून या दिवाळीला संपादकांनी दिलेली जास्तीची पाने मी या खाजेवरच खर्च करणार आहे.

ज्याला आपण 'अ‍ॅलर्जी' म्हणतो तो शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली तयार केला. आपल्या आजीपणजींकडे त्याआधीपासूनच एक नामी शब्द होता : वावडे. "त्याला वांग्याचे वावडे आहे हो," असे म्हटले की पंक्तीत वाढणारी पुढे सरकत असे. शरीराच्या दारावर एक पहारेकरी असतो. चोर दिसला की त्याने ओरडावे, ही त्याची नोकरी. पण एखादा पहारेकरी पोस्टमनलाही चोर समजतो आणि रोज टपाल आले की साऱ्या वाडीला जागे करतो. वावडे म्हणजे हेच. पोस्टमन बिचारा निरुपद्रवी. आरडाओरडा मात्र खरा, आणि त्रास होतो तो आरडाओरड्याचा.

माणसाला वावडे झाले म्हणजे बहुधा शिंका येतात, नाक वाहते, डोळे चुरचुरतात. कुत्र्यामांजरांत मात्र हा गोंधळ मुख्यतः कातडीवर दिसतो. कुत्रा पंजे चाटत बसतो. इतका, की पांढऱ्या पायांचे केस लाळेने तांबूस होतात. कान हलवतो, कानांना पुन्हा पुन्हा घाण वास येतो. काखा आणि पोट लाल होते, तोंड सतरंजीवर घासले जाते. "कानाचे औषध दहा वेळा घातले, पण कान काही बरा होत नाही," असे जेव्हा कुणी म्हणते, तेव्हा मी कानाकडे पाहण्याआधी पंजांकडे पाहतो.

आता त्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर. वावडे एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कुत्र्यापासून कुत्र्याला नाही आणि कुत्र्यापासून माणसाला तर नाहीच. पण खाजवणारे प्रत्येक जनावर वावड्याचेच असते असे नाही. खरूज अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते आणि घरातल्या माणसांनाही काही काळ खाजवायला लावते. नायटा बुरशीचा, तो मांजराच्या पिल्लापासून मुलांच्या अंगावर सहज येतो. म्हणून डॉक्टर आधी कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, केस तपासतात. हे दोघे नाहीत अशी खात्री झाली, की मग वावड्याचा तपास सुरू. त्यात संशयित तीन, आणि त्यांना चौकशीला बोलवायचा क्रमही ठरलेला. हा क्रम मोडला, की पैसा जातो, वेळ जातो आणि शेवटी कुत्रा जातो.

पहिला संशयित : पिसू

ठाण्याच्या एका कुटुंबातील आजोबा गेल्या वर्षी माझ्याकडे आले. बरोबर सहा वर्षांचा मोती आणि दहा वर्षांची नात. मोतीच्या शेपटीच्या बुडाशी आणि पाठीवर केस उरले नव्हते. आजोबांनी नातीला बाहेर बाकावर बसवले, दार लोटून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरसाहेब, सूनबाई पुढच्या महिन्यात तान्हे मूल घेऊन माहेराहून येणार. हा असा घरात कसा ठेवायचा? हा रोग बरा होण्यातला नाही, असे एक सर्टिफिकेट लिहून द्या. म्हणजे या पोरीची समजूत घालता येईल."

मी कागद घेतला, पण लिहायला नव्हे. बारीक दातांच्या फणीने मोतीची पाठ विंचरली आणि फणीत आलेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर टाकली. दोन मिनिटांत प्रत्येक कणीभोवती तांबडे वर्तुळ उमटले. ती माती नव्हती. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे मोतीचेच वाळलेले रक्त होते. आजोबा म्हणाले, "पण आमच्या घरात एकही पिसू दिसत नाही हो!" त्यांचे म्हणणे खरेच होते. ज्याला पिसवेच्या लाळेचे वावडे आहे, तो इतका चावतो आणि चाटतो की अंगावर पिसू शिल्लक राहत नाही. त्याला शेकडो पिसवा लागतही नाहीत. दोनचार चावे त्याला बरेच दिवस बेजार करतात.

शिवाय अंगावर दिसतात त्या घरातल्या एकंदर पिसवांपैकी शेकडा पाचच्या आसपास. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोश अशा रूपांत गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली असतात. कोशातली पिसू कित्येक आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने वाट पाहत बसते आणि पावलांची धडधड व अंगाची ऊब जाणवली की बाहेर पडते. मे महिन्याच्या सुट्टीवरून परत येऊन दार उघडताच घरभर पिसवा उसळतात त्या यामुळेच. कुत्र्याला एकदा औषध लावून हात झटकणाऱ्यांच्या पदरी निराशा येते ती यासाठी.

आजोबांना मी सर्टिफिकेट दिले नाही. एक कार्यक्रम दिला. मोतीला पिसवांचे औषध दर महिन्याला, न चुकता, निदान तीन महिने. घरात आणखी जनावर असेल तर त्यालाही, त्याच्या जातीचे वेगळे. अंथरुणे दर आठवड्याला कढत पाण्यात. केरसुणीने वा यंत्राने कानाकोपरे, सोफ्याच्या खाचा रोज साफ. चावून चावून झालेल्या जखमांसाठी थोडे दिवस औषध. नातीला एक वही दिली आणि सांगितले, "रोज रात्री मोतीच्या खाजेला शून्य ते दहा मार्क द्यायचे. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे झोपच नाही." पहिल्या पानावर नऊ होते. पाचव्या आठवड्यात तीन झाले. बाळ आले तेव्हा मोतीच्या पाठीवर मऊ लव उगवली होती. तो आजही त्याच घरात आहे. मात्र औषधाचा महिना चुकला की वहीतला आकडा वर चढतो, हे त्या घराने पक्के लक्षात ठेवले आहे.

दुसरा संशयित : ताटातला

पिसवांचा बंदोबस्त करूनही खाज राहिली, की अन्नाकडे वळायचे. इथे आपल्याकडे दोन गैरसमज घर करून बसले आहेत. पहिला उष्णतेचा. अंडे उष्ण, मटण उष्ण, म्हणून खाज. मग सगळे बंद करून बिचाऱ्याला दूध-पोळीवर ठेवायचे. गंमत अशी, की कुत्र्यांच्या वावड्याच्या यादीत दूध आणि गहू हे दोघेही मानाच्या जागी आहेत! गोमांस आणि कोंबडी त्यांच्या शेजारी बसतात. मांजरांत गोमांस, मासळी आणि कोंबडी. दुसरा गैरसमज : "हे तर तो लहानपणापासून खातो, मग आत्ताच कसे बाधेल?" अहो, वावडे जडायला आधी ओळख व्हावी लागते. नवख्या पदार्थापेक्षा वर्षानुवर्षे पोटात जाणारा पदार्थच बहुधा गुन्हेगार निघतो.

हा गुन्हेगार पकडायला रक्ताची तपासणी पुरेशी भरवशाची नाही. महागड्या कागदावर पन्नास पदार्थांची यादी छापून येते खरी, पण तिच्यावर विसंबून ताट ठरवू नये. खात्रीचा मार्ग जुना आणि कष्टाचा आहे. ज्याने जन्मात कधी चाखले नाही असे एक मांस आणि एक पिष्टान्न, एवढेच आठ आठवडे द्यायचे. मटण कधीच खाल्ले नसेल तर मटण आणि रताळे. तेही बिनमसाल्याचे, कांदा-लसूण वर्ज्य, कारण ते कुत्र्यामांजरांना विषारीच असतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे करून बनवलेले खास खाद्य मिळते. काय द्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवा, विशेषतः पिल्लू असेल तर. आणि आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. दुसरा पदार्थ नाही, चघळायचे हाड नाही, चवदार गोळीसुद्धा नाही.

पुण्याच्या एका सुशिक्षित घरात सीझर नावाच्या लॅब्रॅडॉरवर हा प्रयोग चालू होता. सहा आठवडे झाले, तरी फरक नाही. घरातले सगळे शपथेवर सांगत होते, की मटण-रताळ्याखेरीज काही दिले नाही. शेवटी मी विचारले, "सकाळी सगळ्यांत आधी कोण उठते?" सगळ्यांच्या माना आजींकडे वळल्या. आजी शांतपणे म्हणाल्या, "मी त्याला खायला काही देत नाही हो डॉक्टर. चहाबरोबर एक बिस्किट देते, तेवढेच. ते काय खाणे झाले?"

त्या 'तेवढ्याच' बिस्किटात गहूही होता आणि दुधाची पूडही. प्रयोग पहिल्यापासून सुरू करावा लागला. पण त्या दिवसापासून आजी अशा पहारेकरी झाल्या, की नातवाच्या हातून सांडलेला पोळीचा तुकडा सीझरच्या आधी त्या उचलत. आठ आठवड्यांत खाज ओसरली. मग प्रयोगाचा दुसरा अंक, जो बहुतेक लोक गाळतात : जुने पदार्थ एकेक करून पंधरा पंधरा दिवस परत द्यायचे. कोंबडी निर्दोष सुटली. दूधही सुटले. पोळी सुरू केली आणि चौथ्या दिवशी सीझरने पुन्हा पंजे चाटायला घेतले. आता तो ज्वारीची भाकरी खातो आणि सुखात आहे. हा दुसरा अंक केला नसता, तर निरपराध कोंबडी आणि दूध जन्मभर तुरुंगात राहिले असते.

तिसरा संशयित : घरातली धूळ

पिसू नाही, अन्न नाही, तरी खाज आहे. आणि ती सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू झाली आहे. मग संशय हवेवर. परागकण, बुरशी आणि मुख्य म्हणजे घरातल्या धुळीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे किडे. माणसांच्या दम्यामागे हेच किडे आहेत, हे हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनी १९६४ च्या सुमारास दाखवले. गादी, उशी, पडदे, गोधडी ही त्यांची राहण्याची ठिकाणे; दमट हवा त्यांना मानवते. मुंबई-कोकणाच्या हवेत त्यांना काय कमी?

हे वावडे मुळापासून जात नाही. ऐकायला कठोर वाटते, पण हे आधीच सांगितलेले बरे. नाहीतर "बरे करून देतो" म्हणणाऱ्यांच्या दारोदार लोक हिंडतात. मधुमेह मुळापासून जात नाही म्हणून आपण मधुमेही माणसाला गावाला पाठवून देत नाही. त्याला सांभाळतो, आणि तो आपल्याबरोबर वर्षानुवर्षे जेवतो, हिंडतो, भांडतो. तसेच हे.

सांभाळायची साधने आज चांगली आहेत. स्टेरॉइड हे त्यांतले एक जुने. १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेन्च यांनी कॉर्टिसोन प्रथम सांधेदुखीच्या रोग्याला दिले आणि १९५० मध्ये त्या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच कुळातल्या गोळ्या खाजेवर जादूसारख्या चालतात. पण जादूची किंमत असते : तहान, भूक आणि लघवी वाढते; फार दिवस चालल्या तर शरीर आतून पोखरते. म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या परत परत आणू नयेत. खाजेचा निरोपच अडवणारी ओक्लासिटिनिब ही गोळी २०१३ पासून अमेरिकेत कुत्र्यांसाठी वापरात आली. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी घ्यायचे एक इंजेक्शनही आले. ही खास कुत्र्यांची औषधे. मांजरावर आपल्या मनाने वापरायची नाहीत.

आणखी एक मार्ग आहे : ज्याचे वावडे, त्याचेच अंश थोडे थोडे टोचून पहारेकऱ्याला पोस्टमनची ओळख करून द्यायची. माणसांसाठी हा उपाय लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ साली मांडला आणि १९४१ साली अमेरिकेतील डॉ. विटिच यांनी परागकणांचा त्रास असलेल्या एका कुत्र्याविषयी लिहिले. निम्म्याहून अधिक कुत्र्यांना याचा गुण येतो, पण वाट वर्षभर पाहावी लागते. घरचे उपायही कमी मोलाचे नाहीत. फिरून आल्यावर ओल्या फडक्याने पंजे आणि पोट पुसून कोरडे करावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या शाम्पूने कोमट पाण्यात आठवड्याला आंघोळ घालावी. आपला अंगाचा साबण त्यांच्या कातडीला सोसत नाही.

मांजरांचे वेगळे

मांजर हे मानी जनावर. ते चारचौघांत खाजवत नाही. कपाटामागे जाऊन चाटत बसते. पोट आणि मांड्या तुळतुळीत झाल्या, की मालकीणबाई म्हणतात, "केस गळताहेत, अशक्तपणा आला." केस गळत नाहीत, काटेरी जिभेने उपटले जातात. मानेवर खसखशीएवढ्या खपल्या हाताला लागणे किंवा वरच्या ओठावर न भरणारा चट्टा पडणे, हीही वावड्याचीच लक्षणे असू शकतात. मांजर मान पुढे ताणून, जमिनीला टेकून खोकत असेल तर "घशात केस अडकला" म्हणून थांबू नका. तो दमा असू शकतो. अशा घरात उदबत्ती, धूप आणि डासांची अगरबत्ती यांचा धूर बंद.

आणि आता जे सांगतो ते कात्रण काढून कपाटाच्या दारावर चिकटवा. कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला मारते. मांजराच्या यकृताला काही विषे पचवताच येत नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. फिनाईलच्या पाण्याने पुसलेल्या लादीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि ते विष पोटात जाते. दोन वर्षांपूर्वी गिरगावातून एका बाईंनी थरथर कापणारी मनी टोपलीतून आणली. "कुत्र्याचे औषध अर्धेच लावले हो," म्हणून त्या रडत होत्या. मनी दोन दिवस सलाईनवर राहून वाचली. प्रत्येक मनी वाचतेच असे नाही.

या दिवाळीत एवढे करा. जळमटे काढताना, गाद्या झोडताना मोतीला आणि मनीला दुसऱ्या खोलीत ठेवा. त्यांची अंथरुणे धुऊन कडक उन्हात टाका. मुलांना प्रेमाचे भरते येऊन कुत्र्यालाही उटणे आणि सुगंधी तेल लावून अभ्यंगस्नान घालावेसे वाटते. दर दिवाळीनंतर असा एखादा लालबुंद झालेला गृहस्थ माझ्याकडे येतोच. त्याला साधे पाणी आणि तुमचा हात पुरे. फराळाच्या ताटातले काही देऊ नका. बेदाणे आणि चॉकलेट तर मुळीच नको. अंगावर एकाएकी गांधी उठल्या, तोंड सुजले किंवा श्वास लागला, तर फटाके वाजत असोत वा लक्ष्मीपूजन चालू असो, आधी दवाखाना.

आणि खाजवणाऱ्या कुत्र्यामांजराला शेतावर पाठवण्याचा विचार घरात निघालाच, तर आधी एक शंभरपानी वही आणा. पहिल्या पानावर आजची तारीख आणि शून्य ते दहातला आकडा लिहा. मग पिसू, मग ताट, मग धूळ. एका वेळी एकच संशयित, आणि प्रत्येकाला पुरेसा अवधी. ती वही भरेपर्यंत पाठवणीचा विषय काढायचा नाही. बहुतेक घरांत तो पुन्हा निघत नाही.

सर्व वाचकांना, त्यांच्या पायांशी आणि मांडीवर बसणाऱ्या मंडळींसह, दिवाळीच्या शुभेच्छा!